'कॉम्पिटिशन' : एका शब्दाचा अर्थ, उगम आणि उपयोग

शाळेच्या सूचनाफलकावर वर्षभरात जे शब्द वारंवार लिहिले जातात, त्यांत 'स्पर्धा' या शब्दाचा क्रमांक बहुधा पहिला लागेल. भीमजयंतीनिमित्त वक्तृत्व स्पर्धा, सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त निबंध स्पर्धा, संविधान दिनानिमित्त सामान्यज्ञान स्पर्धा, हिवाळ्यातील क्रीडा स्पर्धा आणि शाळा सोडल्यानंतरही अनेक वर्षे सोबत करणारी स्पर्धा परीक्षा. इंग्रजीत या साऱ्यांसाठी 'कॉम्पिटिशन' हा एकच शब्द पुरतो, आणि आता तो केवळ इंग्रजीचा राहिलेला नाही. शेतमजुरी करून मुलाला निवासी शाळेत ठेवणारी आईसुद्धा प्रवेशाच्या दिवशी आम्हांस सांगते, "गुरुजी, कॉम्पिटिशन लई वाढलीय, पोराकडं लक्ष द्या."

या शब्दाचे आमच्या विद्यार्थ्यांशी असलेले नाते मात्र सरळ नाही. शाळेत असताना तो त्यांना धाक म्हणून भेटतो. महाविद्यालयात गेल्यावर तो टोमणा होऊन येतो. सुट्टीत भेटावयास येणारे माजी विद्यार्थी आम्हांस विचारतात, "सर, आम्ही खुल्या कॉम्पिटिशनमधून आलो नाही, असे मुले म्हणतात. यावर काय उत्तर द्यावे?" हा प्रश्न भावनेचा आहे तसाच इतिहासाचाही आहे. नाण्यावरून राज्य कळते आणि शिलालेखावरून दान कळते, तसे शब्दावरून समाजाचे व्यवहार कळतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही 'कॉम्पिटिशन' या शब्दाचा आणि त्याच्या सोयऱ्याधायऱ्या शब्दांचा थोडा अभ्यास विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

शब्दाची घडण

'कॉम्पिटिशन' हा शब्द लॅटिन भाषेतून आला. 'कॉम्' म्हणजे सह, बरोबर. 'पेतेरे' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या दिशेने जाणे, ती मागणे, ती मिळवू पाहणे. या दोहोंपासून 'कॉम्पेतेरे' हे क्रियापद झाले. प्राचीन लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एकत्र येणे, एके ठिकाणी मिळणे, परस्परांशी जुळणे असा होता. एकाच गोष्टीच्या प्राप्तीसाठी अनेकांनी एकाच वेळी झटणे, हा अर्थ त्यास उत्तरकालीन लॅटिनमध्ये मिळाला. दोन्ही अर्थांत 'सह' कायम आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. दुसऱ्याला पाडणे, मागे ओढणे किंवा संपविणे यांपैकी कोणताही भाव मूळ धातूत नाही.

'पेतेरे' या धातूचे कुटुंब मोठे आहे. 'पिटिशन' म्हणजे मागणी अथवा अर्ज. 'ॲपेटाइट' म्हणजे अन्नाकडे जाणारी इच्छा, भूक. 'रिपीट' म्हणजे पुन्हा त्याच गोष्टीकडे वळणे. 'कॉम्पिटिशन'चा सख्खा भाऊ म्हणजे 'कॉम्पिटंट'. 'जुळणे' या जुन्या अर्थापासून 'एखाद्या कामास जुळणारा, योग्य, सक्षम' असा त्याचा अर्थ झाला. स्पर्धा आणि सक्षमता हे दोन्ही शब्द एकाच आईच्या पोटचे आहेत.

इंग्रजीत यांपैकी प्रथम 'कॉम्पिटिटर' म्हणजे स्पर्धक हा शब्द सोळाव्या शतकात रुळला. 'कॉम्पिटिशन' हा शब्द इ. स. १६०० च्या सुमारास आला, आणि 'कॉम्पीट' हे क्रियापद सतराव्या शतकाच्या आरंभी. परंतु हे क्रियापद दीर्घकाळ फारसे वापरात नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ते पुन्हा कानी येऊ लागले, तेव्हा इंग्लंडमधील लोक त्यास स्कॉटिश किंवा अमेरिकन शब्द समजत. पुढे कारखानदारी, खुला व्यापार आणि लेखी परीक्षा यांचा काळ आला आणि हा शब्द सर्वतोमुखी झाला.

शेजारचे शब्द आणि त्यांची साक्ष

इंग्रजीत चुरशीच्या खेळासाठी आणखी काही शब्द आहेत. प्रत्येकाच्या पोटात स्पर्धेची एकेक अट दडलेली आहे.

'कॉन्टेस्ट' हा शब्द 'कॉन्तेस्तारी' या लॅटिन क्रियापदापासून आला. 'तेस्तिस' म्हणजे साक्षीदार. रोमन न्यायव्यवहारात वादाचा आरंभ करताना दोन्ही पक्ष साक्षीदारांना साक्ष ठेवीत. त्या कृतीवरून हा शब्द झाला. म्हणजे जे सर्वांसमक्ष, साक्षीदारांच्या देखत घडते ते कॉन्टेस्ट. बंद दाराआड झालेली निवड ही या शब्दाच्या कक्षेत बसत नाही.

'मॅच' हा शब्द जुन्या इंग्रजीतील आहे. त्याचा मूळ अर्थ जोडीदार, सोबती, बरोबरीचा असा आहे. आजही कपड्याचा रंग 'मॅच' होतो असे आपण म्हणतो, तो हाच अर्थ. बरोबरीच्या दोघांचा सामना म्हणून तो 'मॅच'. जोड नसेल तर मॅच नाही. आमच्याकडील कुस्तीच्या आखाड्यातही वस्ताद आधी जोड लावतात आणि मगच कुस्ती लागते, ही गोष्ट ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना सांगावी लागत नाही.

'टूर्नामेंट' हा फ्रेंचमधून आलेला शब्द. त्याच्या मुळाशी 'वळणे' या अर्थाचे क्रियापद आहे. घोड्यावर स्वार झालेले सरदार भाले घेऊन परस्परांवर चालून जात आणि घोडे वळवून पुन्हा भिडत, त्या मध्ययुगीन युरोपीय खेळाचे हे नाव. पंधराव्या शतकात जर्मन प्रदेशांतील अशा खेळांत उतरण्यासाठी आपले चार पूर्वज उमराव घराण्यातील होते, हे सिद्ध करावे लागे. भाला कसा चालवतो याच्या आधी जन्म कोठला हे पाहिले जाई. येथे महाभारतातील दोन प्रसंग विद्यार्थ्यांना आठवतील. राजपुत्रांच्या रंगभूमीवर कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य त्याला त्याचे कुळ विचारतात. एकलव्याला तर रंगभूमीपर्यंत पोचूही दिले जात नाही. त्याचा अंगठाच मागून घेतला जातो. प्रवेशद्वाराशी जन्म विचारण्याची रीत एका देशाची नव्हती. आमच्या देशात मात्र ती शिक्षण, व्यवसाय आणि पाणी या सर्वांना लागू झाली आणि तिला धर्माचा आधार देण्यात आला.

पाण्याचा उल्लेख आम्ही हेतुपूर्वक केला. 'रायव्हल' म्हणजे प्रतिस्पर्धी. हा शब्द 'रीवुस' या लॅटिन शब्दापासून आला, आणि 'रीवुस' म्हणजे ओढा, पाट. एकाच पाटाचे पाणी वापरणारे शेजारी ते 'रिवालिस'. पाणी कोणी किती घ्यावे यावरून शेजाऱ्यांत कुरबुरी होत, त्यावरून प्रतिस्पर्धी हा अर्थ आला. याचा अर्थ असा की, प्रतिस्पर्धी होण्यासाठी आधी त्या पाण्यावर हक्क असावा लागतो. ज्याला पाटावर येण्याचीच मनाई आहे, तो प्रतिस्पर्धीसुद्धा होऊ शकत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. कागदावर तळे खुले होते, प्रत्यक्षात नव्हते. त्या ओंजळीने एक समाज पाटावरचा शेजारी झाला. आमच्या मते भारतातील खऱ्या स्पर्धेचा इतिहास तेथून मांडला पाहिजे.

मराठीतील शब्द

आपल्या भाषेतही या अर्थाचे शब्द विपुल आहेत. 'स्पर्धा' हा संस्कृत 'स्पर्ध्' या धातूपासून आलेला शब्द. त्यात बरोबरी करू पाहणे आणि ईर्षा धरणे असे दोन्ही भाव आहेत. 'चढाओढ' या शब्दात एक चढतो आहे आणि दुसरा ओढतो आहे असे चित्रच उभे राहते. 'पैज' हा शब्द 'प्रतिज्ञा' या संस्कृत शब्दापासून प्राकृतमार्गे मराठीत आला. पैज मारणारा माणूस मुळात शब्द देत असतो.

आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो 'शर्यत' हा शब्द. अरबी भाषेतील 'शर्त' म्हणजे अट. तीच शर्त मराठीत शर्यत झाली. बैलगाड्यांची शर्यत असो वा मुलांची, धावण्याच्या आधी अट ठरते: रेषा कोठे, अंतर किती, सुटण्याची खूण कोणती, पंच कोण. अट सर्वांना सारखी असेल तरच शर्यत. एकाला रेषेवर उभे करून दुसऱ्याला कोसभर मागे ठेवले, आणि वर त्याच्या पायांत बेडी घातली, तर धावणे होईल, शर्यत होणार नाही.

शब्दाचा उपयोग

आता भाषेच्या दृष्टीने काही गोष्टी. इंग्रजी निबंधात आमचे विद्यार्थी हा शब्द वारंवार वापरतात, म्हणून त्याचा नेमका उपयोग समजून घ्यावा.

'कॉम्पिटिशन' या नामाचे उपयोग मुख्यतः तीन. एखादा ठरावीक कार्यक्रम, उदाहरणार्थ चित्रकला स्पर्धा, या अर्थी ते मोजता येणारे नाम आहे. तेथे त्याचे अनेकवचन होते. व्यापारातील वा जीवनातील चुरस या सर्वसाधारण अर्थी ते मोजता येत नाही. तेथे अनेकवचन करू नये. तिसरा उपयोग समूहवाचक आहे: आपल्या क्षेत्रातील सारे प्रतिस्पर्धी मिळून 'द कॉम्पिटिशन'. उच्चारात जोर तिसऱ्या अवयवावर, म्हणजे 'टि'वर येतो.

'कॉम्पीट' या क्रियापदापुढे येणारी शब्दयोगी अव्ययेही लक्षात ठेवावीत. ज्याच्याशी स्पर्धा करावयाची त्याच्या आधी 'विथ' किंवा 'अगेन्स्ट', ज्या बक्षिसासाठी त्याच्या आधी 'फॉर', आणि ज्या प्रकारात उतरावयाचे त्याच्या आधी 'इन'. 'विथ' म्हणजे सोबत आणि 'अगेन्स्ट' म्हणजे विरुद्ध. दोन्ही अव्यये व्याकरणदृष्ट्या चालतात. परंतु धातूच्या मूळ अर्थाशी इमान राखणारे अव्यय 'विथ' होय, हे आता विद्यार्थ्यांच्या ध्यानी आले असेल.

'कॉन्टेस्ट' हा शब्द नाम असताना जोर पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असताना दुसऱ्या अवयवावर येतो. क्रियापद म्हणून त्याचे दोन अर्थ आपल्या उपयोगाचे आहेत: निवडणूक लढविणे आणि एखाद्या निर्णयाला हरकत घेणे. अन्यायकारक निर्णय 'कॉन्टेस्ट' करता येतो, म्हणजे साक्षीदारांसमक्ष त्यास आव्हान देता येते. हा अर्थ आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

'कॉम्पिटिटर', 'रायव्हल' आणि 'अपोनंट' यांतही भेद आहे. पहिला आपल्याबरोबर धावणारा. दुसरा आपल्याशी दीर्घकाळ बरोबरी सांगणारा. तिसरा समोर उभा राहून अडविणारा. त्याच्या मुळाशी 'विरुद्ध बाजूस ठेवणे' हा अर्थ आहे. शंभर मीटर धावण्यात कॉम्पिटिटर असतात, बुद्धिबळात अपोनंट असतो. वर्गातील सहाध्यायी हा कॉम्पिटिटर आहे, त्यास अपोनंट मानू नये.

'कॉम्पिटिशनवाला' आणि धारवाडचा मुलगा

या शब्दाचा भारताशी संबंध कसा आला, हा इतिहासाचा भाग होय. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात मोठ्या अधिकाराच्या जागा संचालकांच्या शिफारशीने भरल्या जात. संचालकाचा पुतण्या, भाचा, मित्राचा मुलगा अशांची नेमणूक होई आणि इंग्लंडमधील हेलीबरी येथील महाविद्यालयात त्यांना शिक्षण देऊन इकडे पाठविले जाई. १८५३ च्या सनदी कायद्याने संचालकांचा हा अधिकार संपविला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने १८५४ साली परीक्षेची योजना मांडली, आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली.

परीक्षा देऊन भारतात आलेल्या नव्या अधिकाऱ्यांना शिफारशीने आलेले जुने अधिकारी 'कॉम्पिटिशनवाला' असे हिणवून म्हणत. इंग्रजी नामाला आपला 'वाला' लावून झालेला हा शब्द इतका रूढ झाला की, जी. ओ. ट्रेव्हेल्यन यांच्या १८६४ सालच्या पुस्तकाचे नावच 'द कॉम्पिटिशनवाला' असे आहे. येथे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबून विचार करावा. आज 'तू कॉम्पिटिशनमधून आला नाहीस' हा टोमणा आहे. त्या काळी 'तू कॉम्पिटिशनमधून आलास' हाच टोमणा होता. शब्द तोच, हिणविण्याची दिशा उलटी. ज्याच्या हाती आधीपासून जागा असते, तो नव्याने येणाऱ्यास नाव ठेवण्यासाठी मिळेल तो शब्द वापरतो.

ती परीक्षा खुली होती असे म्हणतात. ती लंडनमध्ये होई. पहिल्या योजनेत ग्रीक आणि लॅटिन या विषयांना प्रत्येकी ७५० गुण होते, तर संस्कृत आणि अरबी यांना प्रत्येकी ३७५. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर हे ती परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले. त्यांनी पुढे आपल्या मुंबई इलाख्यातच नोकरी केली. १८७८ पासून कमाल वय १९ करण्यात आले. एवढ्या वयात समुद्र ओलांडून, परक्या भाषांत तयारी करून परीक्षेस बसणे भारतीय तरुणांना जवळजवळ अशक्य झाले. भारतीय नेत्यांनी मागणी केली की परीक्षा भारतातही घ्यावी. ती मागणी प्रत्यक्षात यावयास १९२२ साल उजाडले. त्या काळच्या भारतीय पुढाऱ्यांनी नेमका हाच युक्तिवाद केला होता: परीक्षा सर्वांना एकच आहे, पण तेथवर पोचण्याची वाट सर्वांना सारखी नाही.

आता त्याच काळातील दुसरी घटना पाहा. लंडनमध्ये पहिली खुली परीक्षा झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५६ साली, मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. मुंबई सरकारने तो अर्ज मान्य केला नाही. एका मुलासाठी शाळेतील इतर सर्वांचा रोष पत्करणे सरकारला सोयीचे वाटले नाही. डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती मांडताना या घटनेची नोंद केली आहे.

१८५५ आणि १८५६ ही दोन वर्षे विद्यार्थ्यांनी एकाखाली एक लिहून ठेवावीत. एका वर्षी राज्याने जाहीर केले की गुणवत्तेला द्वार खुले आहे. दुसऱ्या वर्षी त्याच राज्यात एका मुलाला पाटी-पेन्सिल घेऊन वर्गात बसण्याचेही द्वार बंद होते. लंडनच्या परीक्षेत त्या मुलाचा क्रमांक लागला नाही, यावरून त्याच्या बुद्धीविषयी कोणता निष्कर्ष काढता येईल? कोणताही नाही. तो रेषेवरच नव्हता. आणि त्याच्या पिढीतील लक्षावधी मुलेही नव्हती.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच दुखणे सांगितले. शेतकऱ्यांच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि तिच्यातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते, म्हणून प्राथमिक शिक्षण आधी सर्वांपर्यंत न्या, अशी त्यांची मागणी होती. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला आणि कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. वसतिगृह म्हणजे केवळ निवारा नव्हे. ज्याच्या घरी दिवा नाही, त्याला दिव्याखाली बसण्याची जागा देणे म्हणजे शर्यतीची रेषा सर्वांना सारखी करणे होय. आमची निवासी शाळा याच परंपरेतील एक लहानसा दुवा आहे.

'हँडिकॅप' : समतोल साधणारा शब्द

या विषयात 'हँडिकॅप' या शब्दाचा इतिहास फार बोधप्रद आहे. हात पसरून भीक मागणाऱ्यावरून हा शब्द आला, अशी एक समजूत प्रचलित आहे. ती चुकीची आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये अदलाबदलीचा एक खेळ होता. दोघे आपापली वस्तू पुढे करीत. एक पंच त्या वस्तूंतील मोलाचा फरक ठरवी आणि हलकी वस्तू देणाऱ्याने वर किती भर घालावी ते सांगे. सौदा मान्य की अमान्य हे सांगण्यासाठी दोघेही टोपीत हात घालून तो बाहेर काढीत. 'हँड इन कॅप' म्हणून 'हँडिकॅप'.

अठराव्या शतकात हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत आला. तेथेही पंच असे. जो घोडा अधिक बलवान त्याच्या पाठीवर पंच अधिक वजन ठेवी, म्हणजे चुरस खरी होई. बरोबरी साधण्यासाठी केलेली ही व्यवस्था 'हँडिकॅप' या नावाने ओळखली गेली, आणि घोड्यांच्या शर्यतींत व गोल्फच्या खेळात ती आजही चालते. तिच्यामुळे खेळाचा दर्जा घसरतो, असे तेथे कोणी म्हणत नाही. पुढे 'लादलेले ओझे' या अर्थावरून हा शब्द शारीरिक अपंगत्वास लावला जाऊ लागला. आज व्यक्तीसाठी तो अवमानकारक मानला जातो, आणि विद्यार्थ्यांनी तो व्यक्तीसाठी वापरू नये.

आपल्या समाजात या व्यवस्थेच्या नेमके उलटे घडले. घोड्यांच्या शर्यतीत बलवानाच्या पाठीवर वजन ठेवतात. जातिव्यवस्थेने दुर्बळाच्या पाठीवर वजन ठेवले आणि मग निकाल वाचून दाखविला. 'जातिनिर्मूलन' या १९३६ सालच्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी याचे शास्त्रशुद्ध विवेचन केले आहे. माणसाची कर्तबगारी आनुवंशिकता, सामाजिक वारसा आणि स्वतःचे प्रयत्न या तीन गोष्टींवर अवलंबून असते. प्रयत्नांच्या बाबतीत माणसामाणसांत भेद करणे समजू शकते. परंतु पहिल्या दोन गोष्टींत जे मुळातच मागे आहेत, त्यांना तसेच ठेवून शर्यत लावली, तर घराणे, संपत्ती आणि ओळखीपाळखी असलेलेच पुढे निघतील. ती निवड लायकांची नसून सवलतवंतांची होईल, असा त्यांचा आशय आहे.

३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी याच विचाराला कायद्याचे रूप कसे दिले आहे ते स्पष्ट केले. सर्वांना समान संधी हे तत्त्व, आणि आजवर प्रशासनाबाहेर ठेवलेल्या समाजांना प्रवेश, या दोहोंचा मेळ घालावयाचा आहे. त्यासाठी राखीव जागा एकूण जागांच्या अल्प भागापुरत्या असाव्यात, म्हणजे मूळ तत्त्वही टिकेल, अशी त्यांची भूमिका होती. आजचे कलम १६ त्या चर्चेतून घडले. त्यातील पहिला भाग समान संधीचा आणि चौथा भाग मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा. दोन्ही एकाच कलमात आहेत, हे विसरता कामा नये.

माजी विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. राखीव जागा हा स्पर्धेला दिलेला फाटा नव्हे. स्पर्धा ज्या अटींवर स्पर्धा ठरते, त्या अटी पुऱ्या करण्याची ती व्यवस्था आहे. साक्षीदार, जोड, समान पाणी, सारखी रेषा: ज्या समाजाने शतकानुशतके यांपैकी काहीही दिले नाही, त्या समाजाला 'खुली स्पर्धा' हा शब्द वापरण्याआधी त्याचा अर्थ विचारावा लागेल. आणि हे उत्तर देताना आवाज चढविण्याचे कारण नाही. शब्द समजावून सांगावा, वर्षे सांगावीत, आणि आपले काम चोख करून दाखवावे.

मैदानावरील एक उदाहरण

पळवणकर बाळू यांचे नाव आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावे. १८७६ साली धारवाड येथे चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यात खेळपट्टीची देखभाल करीत आणि सरावात साहेबांना चेंडू टाकीत. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती झाली, तेव्हा हिंदूंच्या संघाला त्यांना घ्यावे लागले. मैदानावर चेंडू त्यांच्या हातून सर्वांच्या हाती जाई. परंतु चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांचा पराभव केला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले.

चेंडू जात ओळखत नाही, म्हणून मैदानावर बाळू पुढे गेले. कर्णधाराची निवड मात्र बंद खोलीत होत असे. 'कॉन्टेस्ट' या शब्दातील साक्षीदाराचे महत्त्व यावरून कळेल. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. दोघांची राजकीय मते भिन्न होती. तरी त्यामुळे बाळूंचा मैदानावरील पराक्रम आम्ही कमी लेखीत नाही, आणि विद्यार्थ्यांनीही लेखू नये. प्रतिस्पर्ध्याचे श्रेय त्यास देणे हा स्पर्धेचाच नियम आहे.

आपल्या घरातील स्पर्धा

इतके बोलल्यावर स्वतःकडेही पाहिले पाहिजे. घटक चाचणी जवळ आली की वसतिगृहात टिपणांच्या वह्या उशीखाली जातात. एकाला गणिताची रीत समजली तरी शेजारच्या खाटेवरच्या मुलाला ती सांगितली जात नाही. ज्या मुलांच्या आजोबांना एकाच पाटावर बसू दिले गेले नाही, त्यांच्या नातवांनी एकमेकांपासून ज्ञान लपवावे, हे आम्हांस फार बोचते. तसेच शहरात राहून, चांगल्या शाळेत शिकून पुढे गेलेल्या आपल्याच बांधवांनी गावातील मागे राहिलेल्या मुलाविषयी 'त्याच्यात मेरिट नाही' असे म्हणावे, हेही तितकेच बोचते.

पाली वाङ्मयात यासाठी 'सारम्भ' असा शब्द आहे. दुसऱ्याने केले त्याच्यावर कुरघोडी करण्याची तापट ईर्षा, असा त्याचा भाव. मज्झिम निकायातील वत्थूपम सुत्तात चित्त मलिन करणाऱ्या सोळा उपक्लेशांत त्याची गणना केली आहे. मळलेल्या कापडावर रंग नीट चढत नाही, असा दृष्टान्त भगवान बुद्धांनी तेथे दिला आहे. ईर्षेने मळलेल्या मनावर विद्येचा रंगही चढत नाही. याच्या विरुद्ध टोकाला मुदिता आहे: दुसऱ्याचे यश पाहून होणारा आनंद. मुदिता म्हणजे स्पर्धा सोडून देणे नव्हे. पहिला येण्यासाठी जिवाचे रान करावे, आणि शेजारचा पहिला आला तर त्याला कडकडून भेटावे, ही मुदिता.

विद्यार्थी मित्रहो, या लेखातून तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या. पहिली, 'कॉम्पिटिशन' म्हणजे एकाच ध्येयाकडे अनेकांनी मिळून जाणे. दुसरी, ज्या शर्यतीत अट सारखी नाही ती शर्यत नव्हे. अशी अट दिसेल तेथे ती साक्षीदारांसमक्ष 'कॉन्टेस्ट' करण्याचा अधिकार संविधानाने तुम्हांस दिला आहे. तिसरी, सक्षमता हा स्पर्धेचा सख्खा भाऊ आहे. अट सारखी झाल्यानंतर अभ्यासाला पर्याय नाही. येत्या घटक चाचणीपूर्वी प्रत्येकाने आपल्याला उत्तम समजलेला एक धडा ज्याला तो अवघड जातो अशा एका सहाध्याय्यास समजावून सांगावा, असा आमचा आग्रह आहे.